हट्ट्याला गेलेली हळद

माझा धंदा विषाचा आहे. एखादं रसायन माणसाच्या अंगात किती गेलं, कोणत्या वाटेनं गेलं आणि तेवढ्यानं त्याचं काय होऊ शकतं, हे कंपन्यांना लिहून द्यायचं, असं माझं काम. विषशास्त्रज्ञ म्हटलं की लोक जरा मागे सरकतात, सल्लागार म्हटलं की चहा विचारतात, म्हणून मी सल्लागार सांगते. पुण्यातल्या गार खोलीत बसून मी उभी हयात हे केलं. माणसं मला कागदावर भेटतात. वय, वजन, अंगाला लागलेलं किती, पोटात गेलेलं किती. त्यांच्या घरी जाऊन भाकरी खायची वेळ फारशी येत नाही आणि खरं सांगायचं तर मी ती येऊ देत नाही.

या माघात मात्र हिंगोली जिल्ह्यात जावं लागलं. औंढ्याच्या नागनाथाला जाणारे भाविक आणि हळदीचे व्यापारी सोडले तर आमच्या ओळखीतलं कोणी तिकडे फिरकत नाही. मी जाऊन आले. माणसांची नावं बदलली आहेत आणि मुलाच्या गावाचं नाव मुळीच सांगणार नाही.

प्रकरण असं होतं. मागच्या उन्हाळ्यात कळमनुरी तालुक्यातला संतोष नावाचा एक मुलगा लग्नाच्या दिवशी सकाळी मेला. आदल्या संध्याकाळी त्याला हळद लागली होती. पुढे रासायनिक तपासणीचा अहवाल आला आणि त्यात शेतात वापरायच्या कीटकनाशकाचं नाव निघालं. मुलाच्या वडिलांनी तक्रार दिली की नवरीनं विष घातलं. नवरी हट्टा गावची, अश्विनी नावाची. तिला शिकायचं होतं, लग्न नको होतं, आणि तिच्या घरून नवरदेवासाठी लाडवांचा वेगळा डबा आला होता, एवढ्यावर सगळं उभं होतं. पोलिसांनी ते औषध बनवणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली, कंपनीच्या वकिलांना घाम फुटला, आणि तो पुसायला त्यांनी आमच्या फर्मला गाठलं.

कागद वाचताना मी एका ओळीपाशी थांबले. विष रक्तात होतं, यकृतात होतं. पोटात जे अन्न होतं त्यात नव्हतं. लाडवातून गेलेलं विष पोटाला वळसा घालून जात नाही. मी फर्मच्या साहेबांना म्हटलं, मला तिथे जाऊन बघायला हवं.

वारंगा फाटा

नांदेडला उतरले तर न्यायला युसूफभाई आले होते. कळमनुरीचे, पन्नाशी गाठलेले, घरचा हळद पॉलिश करायचा ड्रम आहे तो भाऊ चालवतो आणि हे गाडी चालवतात. मी काय करते ते मी नेमकं सांगितलं, कारण चार दिवस एकत्र काढायचे होते. त्यांनी ते थोडा वेळ चघळलं आणि विचारलं, "मॅडम, जहराचं काम करता म्हणता, तर घरी लोक तुमच्या हातचा चहा पितात का?" मी म्हटलं, नवरा पितो, सासू शेवटपर्यंत स्वतःचा स्वतः करून घ्यायच्या. त्यावर ते फाट्यापर्यंत हसत होते. या प्रवासातलं हसणं म्हणजे एवढंच.

फाट्यावर खिचडी खायची असते, ती न खाता पुढे गेलेला माणूस त्यांना चालत नाही. पिवळीधम्मक, वाफाळती, वर भजी आणि तळलेली मिरची. माझ्यासारख्या माणसाचं अन्नावरचं प्रेम कधीच आटलेलं असतं, ताट पुढे आलं की त्यातला रंग कुठून आला हे आधी डोक्यात येतं. तरी मी खाल्ली, आणि दुसरी प्लेटही मागवली. आजूबाजूला ट्रकवाले खात होते, पलीकडे हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्या वसमतच्या बाजाराकडे तोंड करून उभ्या होत्या.

अश्विनीचं प्रकरण जिल्ह्याला पाठ होतं. युसूफभाई म्हणाले, "हट्ट्याची ती पोरगी ना? लाडवातून दिलं म्हणतात लोक. हळद लागली, अक्षता पडल्या नाहीत. आता तिला ना सासर, ना दुसरं स्थळ. बाप तर दुकानावर बी बसत नाही, लोक बघतात म्हणून."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटणार? मला दोन पोरी आहेत," ते म्हणाले आणि खिचडीचे पैसे द्यायला उठले.

हळदीचं गाव

माघात तिकडे हळद काढतात. वाळलेली पानं कापून टाकलेली, काळी जमीन उकरलेली आणि बायका ओळीनं बसून गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत असतात. त्यांची बोटं, नखं, पदराची टोकं, सगळं पिवळं. शिवारात जागोजाग हळद शिजवायचे कुकर पेटलेले आणि त्यांची वाफ कयाधू नदीच्या अंगाला जाऊन बसलेली. वास असा की पहिल्या तासाला छान वाटतो, दुसऱ्या तासाला डोकं धरतो. मी पांढरा सलवार-कमीज घालून गेले होते, हा माझा शहाणपणा. कुकरमधून सोडलेल्या पाण्यात पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत रंगले. बायकांनी तोंडाला पदर लावला.

आमच्या कोकणात हळदीची दोन-चार रोपं परसात असतात ती पानांसाठी. नागपंचमीला त्यांत पातोळ्या उकडून झाल्या की रोपाकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि लग्नात हळद लावायची तर दुकानातली पुडी दुधात कालवतात, गालाला, हाताला बोट लावलं की झालं. इथे पानाला किंमत नाही, सगळा जीव जमिनीखाली. आणि नवरदेवाला हळद लावतात म्हणजे अक्षरशः माखतात. तेलात कालवून, पाठ, छाती, मांड्या, पायाचे तळवे. ती रात्रभर अंगावर ठेवायची, आंघोळ दुसऱ्या दिवशी. त्यातली उरलेली, उष्टी म्हणून, वाटीत घालून नवरीकडे पाठवायची. हे मला दिगंबररावांनी सांगितलं. दिगंबरराव म्हणजे संतोषचे वडील.

ते वाईट माणूस असतील अशी तयारी करून मी गेले होते. तसे निघाले नाहीत. त्यांनी मला खाट टाकली, पाणी दिलं आणि बोलताना एकदाही आवाज चढवला नाही. "आमाला कुणाचं वाईट करायचं न्हाई मॅडम. पन लेकरू गेलं. ते आपसूक जात न्हाई. तिच्या घरून डबा आला, त्यानं लाडू खाल्ला आन् घटकाभरात घाम फुटला. मंग आमी काय समजायचं?"

संतोषची आई गयाबाई अंगणाच्या कडेला हळद मोडत बसली होती. मी आल्यावरही तिचे हात थांबले नाहीत. मी जवळ जाऊन बसले आणि त्या रात्री काय काय झालं ते विचारलं. तिनं खाली बघतच सांगितलं. "आदी म्हणला, आई, मळमळून राहिलं. मंग तोंडाला लाळ. मंग घाम. घाम असा की अंगावरची हळद व्हावून राहिली व्हती, चादर पिवळी झाली. डोळ्याची बाहुली टाचणीयेवढी. डॉक्टरनं ऊन लागलं म्हणून सलाईन लावलं. नांदेडला नेताना वाटेतच गार पडला."

मी हे सगळं आधी वाचलं होतं. अशा विषाची लक्षणं मला झोपेत विचारली तरी सांगता येतात. तरी ती चादर काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

जेवायला ज्वारीची भाकरी, पातळ पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी होती. गयाबाईनं वाढलं. मला डॉक्टर समजून आळीतल्या बायका गोळा झाल्या, कुणाचे गुडघे, कुणाचं पित्त. मी त्यातली डॉक्टर नाही असं सांगून थकले. शेवटी एका म्हातारीला कमी तिखट खा म्हणाले, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

हट्टा

दुसऱ्या दिवशी आम्ही हट्ट्याला गेलो. अश्विनीच्या घराचं दार दिवसाढवळ्या आतून लावलेलं होतं. तिचे वडील बाहेर आले, कंपनीचं नाव ऐकून परत आत निघाले. मग मी त्यांना थांबवून सांगितलं की तुमच्या मुलीनं लाडवातून विष दिलेलं नाही, हे मला कागदावरून दिसतंय, पण मग ते गेलं कसं हे मला कळत नाही. ते सांगितल्याशिवाय माझ्या बोलण्याला कोणी विचारणार नाही. ते उंबऱ्यातून बाजूला झाले आणि म्हणाले, "या. पन तिला रडवू नका. आता आमच्या घरात तेवढंच राहिलंय."

अश्विनी बारीक अंगाची, ओढणी डोक्यावरून घेतलेली. वडिलांसमोर ती प्रत्येक प्रश्नाला "न्हाई" म्हणत होती. लग्न नको होतं का? न्हाई. भांडण झालं होतं का? न्हाई. तब्येत ठीक होती का? यावर जरा थांबून न्हाई म्हणाली, मग घाईनं, "म्हंजे ठीक व्हती." सगळे मला डॉक्टर म्हणतातच आहेत तर त्याचा एकदा फायदा घ्यावा म्हणून मी तपासायचं आहे असं सांगून तिला आतल्या खोलीत नेलं.

आत गेल्यावर मी तिला काहीच विचारलं नाही. भिंतीवर तिचं बारावीचं प्रशस्तिपत्रक होतं, त्याबद्दल बोललो. मग तीच म्हणाली, "मॅडम, कुनाला सांगणार न्हाई ना?" मी म्हटलं, नाही.

हळद लागल्यावर रात्री तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. घाम, तोंडाला पाणी, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधुक. मांडव पडलेला, घर पाहुण्यांनी भरलेलं. ती न्हाणीत जाऊन नळ सोडायची आणि नळाच्या आवाजात ओकायची. आईलासुद्धा सांगितलं नाही.

"का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीच्या बाईला एवढंही कळू नये असं ते बघणं होतं. "लग्नाची पोरगी आदल्या दिवशी ओकून राहिली म्हणल्यावर लोक काय म्हणतेत?"

मला लाज वाटली. पोलिसांनी तिला इतक्यांदा बोलावलं, त्यात एका प्रश्नाच्या उत्तरावर ती सुटली असती, आणि ते उत्तर तिला देता येत नव्हतं. विष देणारीला स्वतःला विषबाधा कशाला होईल? पण ते सांगायचं म्हणजे दहा माणसांत म्हणायचं की मी हळदीच्या दिवशी ओकत होते. एका आरोपातून निघून दुसऱ्यात पडायचं.

"काय खाल्लं होतंस?"

"काहीच न्हाई. सगळ्यांनी खाल्लं ते, आन् मी लाडू तर शिवले बी नव्हते. ती उष्टी हळद आली, लावली, त्यानंतरच झालं. तोंडाला, हाताला, पायाला लावली. वाटीभरच व्हती."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्या संध्याकाळी या घरातून त्या घरात गेले होते लाडू, आणि सगळा जिल्हा लाडवांकडे बघत बसला होता. त्या घरातून या घरात काय आलं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं? हळद म्हणजे शुभ, हळद म्हणजे जंतुनाशक, हे माझ्याही डोक्यात घट्ट बसलेलं. हे विष कातडीतूनही आत शिरतं. तिला वाटीभर लागली, ती आजारी पडली. त्याला अंगभर लागली, रात्रभर राहिली, तो मेला.

कळमनुरीच्या लॉजवर परतल्यावर पुण्याला फोन करून विष हळदीतून गेलं असावं असं सांगितलं. साहेब म्हणाले, उत्तम, म्हणजे औषध सांगितल्याप्रमाणे वापरलं गेलं नव्हतं. कसं गेलं त्याच्या तपशिलात आपल्याला शिरायचं कारण नाही, आपल्या क्लायंटपुरतं झालं. मी विचारलं, आणि मुलीचं? ते म्हणाले, ते पोलिसांचं काम. मी फोन ठेवला. माणूस म्हणून ते अजिबात वाईट नाहीत, पण त्या क्षणी मला त्यांच्या आवाजाचीही किळस आली.

लिंबाखालचा ढीग

तिसऱ्या दिवशी परत संतोषच्या गावी गेले. मला आता नेमकं काय विचारायचं ते माहीत होतं, आणि ते विचारायला पाय उचलत नव्हता, कारण हळद कुणीतरी वाटलेली असणार होती.

घरामागे कडुलिंबाच्या सावलीत, वर वाळकी पानं टाकून झाकलेला हळदीचा ढीग होता. मी दिगंबररावांना विचारलं, ही शिजवायची नाही का?

"हे बेणं. उन्हाळ्यात लावायचं. तवर असंच सावलीत ठिवायचं."

"लावायच्या आधी काय करता?"

"ड्रमात औषधाचं पाणी करायचं, त्यात बुडवायचं, काढून हितंच सावलीत पसरायचं. सुकलं की लावायचं."

"मागच्या वर्षी कुणी केलं?"

"संतोषनंच. लग्नाच्या आदी दोन-चार दिवस. म्हणला, लग्नात अडकलो तर लागवड मागं पडंल. त्याच्या आदल्या साली कंदमाशीनं लई नास केला व्हता, म्हणून औषध जरा दाट केलं व्हतं त्यानं."

"हातानं?"

"हातानंच की. काठीनं कुठं निघतंय?"

म्हणजे हळद लागायच्या आधीच त्याचं अंग त्या विषानं भरत आलेलं होतं, हंडा काठोकाठ आल्यासारखं. दोन-चार दिवस थोडं थोडं, बोटांतून, मनगटांतून. त्यावर ही रात्र. मी वळून पाहिलं तर गयाबाई मागे येऊन उभी होती, हातात मोडायचं हळकुंड तसंच. मी तिला विचारलं की लग्नाची हळद कुठली घेतली होती.

"घरचीच. ओली. आमच्या हळदीच्या गावात इकत आणून लेकाला लावली तर लोक थुंकतेन," ती म्हणाली. "शिजवलेली तर समदी इकून टाकली व्हती. मंग बेण्यातलीच घेतली, हितली. दोन ढीग व्हते. एकाला माती व्हती. एक धुतल्यावानी स्वच्छ..."

तिनं हातातलं हळकुंड फिरवून पाहिलं.

औषधात बुडवून काढलेल्या हळदीची माती निघून जाते. ती तिला चांगली दिसली म्हणून तिनं निवडली होती. वासाचं म्हणाल तर त्या दिवसांत सगळ्या घरालाच तो वास होता, माणसांच्या कपड्यांना, दारातल्या ड्रमला. कुणाच्या नाकाला तो वेगळा कळणार?

दिगंबररावांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, हे लिहू नका. पाया पडतो. त्या पोरीचं काय, आज न् उद्या लोक इसरतेन, तिचं कुठंबी जमंल. हिचं काय? ही घरात विहिरीकडं तोंड करून बसती. तुमी हे लिहिलं तर ही जगंल का?"

ते चुकीचं बोलत होते, त्यांची भीती मात्र खरी होती. मी एवढंच म्हटलं की लिहावं लागेल, आणि उन्हाळा आला की याच गावात परत हळदी लागतील. ते तोंड फिरवून उभे राहिले.

पण गयाबाईनं सगळं ऐकलं होतं. ती बेण्याच्या ढिगाजवळच खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "पाठीला मीच चोळली. त्यो म्हणला, आई, बस, चरचरून राहिलं. मी म्हणले, अजून थोडी, रंग चढू दे. माझे बी हात रातभर थरथरून राहिले व्हते. मला वाटलं, लेकाच्या काळजीनं."

पलीकडे कुकरची वाफ सुटत होती, बायका हाका मारत होत्या, सगळं चालू होतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या कामात यासाठी काही शिकवत नाहीत. मी तिला सांगितलं की तुमची चूक नाही, आणि मला ते मनापासून वाटत होतं, पण ऐकू आलं ते एखाद्या कार्यालयातल्या बाईनं बोलल्यासारखं.

मग ती म्हणाली, "तिला बी पाठिवली व्हती ना मी वाटी. तिला झालं का काही?"

मी अश्विनीला शब्द दिला होता. मी म्हटलं, ते तिलाच विचारा.

"मंग उद्या मला हट्ट्याला न्या."

दिगंबरराव म्हणाले, "कुटं जायचं न्हाई." ती म्हणाली, "मी तुमाला इचारलं न्हाई."

शेवटचा दिवस

गाडीत गयाबाई मागे बसली होती, हिरवट लुगड्यात, पदर घट्ट धरून. युसूफभाईंनी सगळी वाट गाणी लावली नाहीत. मध्ये एका ठिकाणी पंक्चर झालं, तेव्हा ती खाली उतरून एका बांधावर जाऊन बसली आणि चाक बदलून झालं तरी तिला हाक मारायचं धाडस आम्हा दोघांनाही होईना. ती आपणच उठून आली.

हट्ट्याला अश्विनीच्या वडिलांनी गयाबाईला ओळखलं आणि दार अडवलं. "आता काय राहिलं इथं न्यायचं?" गयाबाई बाहेरच्या ओट्यावर टेकली आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या पोरीनं काही केलं न्हाई. औषधाची हळद मीच वाटली, मीच लावली, आन् हितंबी मीच पाठिवली. मला माहीत नव्हतं." शेजारच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. अश्विनीचे वडील दाराची चौकट धरून खाली बसले.

अश्विनी बाहेर आली. गयाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "तुला बी तकलीफ झाली व्हती का?"

ती वडिलांकडे बघत राहिली, दारांतल्या माणसांकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता पुन्हा न्हाई म्हणणार. मी तिच्या जागी असते तर म्हणाले असते. मग ती म्हणाली, "व्हय. रातभर ओकत व्हते."

तिथून आम्ही पोलिसांकडे गेलो. दोघींनी जबाब दिले. मी माझं म्हणणं लिहून दिलं, पुण्याला न विचारता, आणि त्याबद्दल पुढे मला जे ऐकून घ्यावं लागलं ते ऐकून घेतलं. अधिकारी शांत माणूस होता. दोघींचे जबाब अहवालाशी जुळतात म्हणाला, मुलीला आता बोलावणं येणार नाही म्हणाला. मग त्यानं मला सहज विचारलं, "मॅडम, यावर औषध असतं का हो?" मी म्हटलं, असतं. तालुक्याच्या दवाखान्यातही असतं. फक्त हे ऊन नाही, विष आहे, हे वेळेत कळावं लागतं. दोन गावांत दोघं एकाच वेळी असे आजारी पडले हे कोणाच्या कानावर गेलं असतं तर कळलं असतं. हे मी बोलून गेले आणि मग पाहिलं की दोघी मागेच बाकावर बसल्या आहेत.

बाहेर चहाच्या टपरीजवळ आम्ही गाडीची वाट बघत उभ्या होतो. अश्विनीचे वडील रिक्षा बघायला गेले होते. चहा कोणी घेतला नाही. अश्विनी एकदम बोलायला लागली, कोणाकडे न बघता.

"त्यांचा फोन आला व्हता त्या रात्री. मला म्हणले, लई मळमळून राहिलं, घाम थांबेना, तुला कसं वाटून राहिलंय? माझ्या तोंडात आलं व्हतं, मला बी तसंच होतंय म्हणून. पन मी म्हणले, मला काही न्हाई. तुमाला ऊन लागलं असंल, झोपा."

गयाबाई तिच्याकडे वळली. "मला बी म्हणून सांगितलं काहून न्हाई, बाई?"

"त्यांनी तुमाला सांगितलं असतं," अश्विनी म्हणाली. "मंग तुमी काय म्हणल्या असत्या?"

माझ्या मनात आलं की गयाबाई आता काहीतरी बरं बोलेल, त्या पोरीला सोडवेल, स्वतःला सोडवेल. तिनं तसं काही केलं नाही. ती खरं बोलली.

"पोटुशी हाय म्हणले असते," ती म्हणाली. "लगीन मोडलं असतं."

मग खाली बसली आणि म्हणाली, "पन माझं लेकरू ऱ्हायलं असतं."